गाडीच्या दारात उतरलेला टाक

काच आणि रबर यांच्यामधल्या फटीतून टाक खाली गेला तेव्हा आवाज एकदाच झाला. पत्र्यावर पैसा पडावा तसा, बारीक. मग काहीच नाही. माझा डावा हात काचेच्या हँडलवर होता आणि उजवा रिकामा होता. त्या रिकाम्या तळहाताकडे मी किती वेळ पाहत राहिलो, हे सांगता येणार नाही.

पिकअप भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या दुकानांसमोरून चालली होती. गाडी हाकणारा माझ्या यजमानीण बाईंचा भाचा, त्यांच्या बहिणीचा मुलगा. चाळिशीचा गृहस्थ, एरवी या गाडीतून हथखोजच्या कारखान्यांत लोखंडी पट्ट्या वाहतो.

"गुरुजी, काय पडलं?"

"देवी," मी म्हणालो.

त्याने गाडी कडेला घेतली. काच खाली करताना देवी गेली, तेव्हा काच वर केली तर ती वर येईल, असे माझ्या बुद्धीला वाटले असावे. मी हँडल उलटे फिरवू लागलो. त्याने झडप घालून माझे मनगट धरले.

"हात नका लावू! छोडो, छोडो! आतमधे लोखंडी कात्री असते गुरुजी, काच वरखाली करनारी. टाक तिच्यात असन तर पापड होईन त्याचा."

मी सोवळ्यात होतो. पहाटे स्नान करून रेशमी धोतर नेसल्यापासून मला कोणाचा स्पर्श झाला नव्हता. पण त्या क्षणी त्याची बोटे माझ्या मनगटावर आहेत, हे ना त्याच्या ध्यानात आले ना माझ्या.

टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेली देवता. हा टाक विड्याच्या पानाहून लहान होता, आणि पिढ्यान्‌पिढ्या घासल्यामुळे नखाइतका पातळ झालेला. पूर्व विदर्भातल्या एका शेतकरी घराची ही कुलदेवी. घरातला मुलगा पोलाद कारखान्यात नोकरीला लागला तेव्हा त्याच्या आईने ती पदराच्या गाठीत बांधून भिलाईला आणली. ती माउली गेली, पुढे तो मुलगाही निवृत्त झाल्यावर वारला. आता त्याची पत्नी, म्हणजे या बाई, कारखान्याचे क्वार्टर सोडून रिसालीतल्या दोन खोल्यांच्या स्वतःच्या घरात राहायला चालल्या होत्या. त्या घराण्याची रीत अशी की नव्या घरात प्रथम देवी शिरते, मग अग्नी, मग माणसे. देवी सामानाबरोबर जात नाही. ती पुरोहिताच्या हातून जाते. मुहूर्त दुपारी बारापर्यंतचा होता, आणि बाई निर्जळी उपवास धरून रिसालीच्या बंद दाराबाहेर पायरीवर बसलेल्या होत्या. टाकावरची मूर्ती भंगली तर ती पूजेत ठेवता येत नाही. तिचे विसर्जन करावे लागते. नवा टाक कोणीही सोनार घडवून देईल. सासूच्या पदरातून आलेला टाक मात्र कोणी घडवून देणार नाही.

माझी चूक कशी झाली तेही सांगितले पाहिजे. देवता नाभीच्या खाली धरू नये, मांडीवर ठेवू नये, माणसे जिथे बसतात तिथे तर नव्हेच, हे मी बालपणापासून पाळत आलो. क्वार्टरपासून टाक मलमलीच्या एकेरी वस्त्रात घेऊन छातीशी धरला होता. मांडीवर नारळ आणि भरलेला कलश. वाटेत हाताला मुंग्या आल्या. समोरच्या फळीवर भाच्याची तंबाखूची पुडी होती, चामड्याचे पाकीट होते. तिथे देवीला कसे ठेवणार? दाराच्या वरच्या कडेला, जिथे काच खाली उतरते, तिथे बोटभर रुंद काळे रबर होते. उंच, छातीच्या बरोबरीने, आणि पुसलेले. तिथे काचेला टेकवून मी देवीला उभे केले आणि वरून तळहाताचा आधार दिला. गाडीतले सर्वांत पवित्र स्थान मी निवडले, असेच मला वाटत होते. मग भाचा म्हणाला, "गुरुजी, काच जरा खाली घ्या ना, लय उकडून राहिलं." मी सवयीने हँडल फिरवले. रबर वाळून सैल झालेले होते. काचेबरोबर वस्त्र ओढले गेले आणि वस्त्राबरोबर देवी.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बाईंचा होता.

"हो मावशी. निंगालो ना. जाम लागला इथं, ट्रक फसला एक. येऊन राहिलो, पाच मिनटं." त्याने फोन खिशात घातला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मंग काय सांगू?"

असत्य त्याने उच्चारले. मौनाने त्यात मी भागीदार झालो.

हुडकोतच एक मिस्त्री राहतात. कारखान्याच्या वाहनांच्या वर्कशॉपमध्ये त्यांचे आयुष्य गेले, आता निवृत्त आहेत. तेही विदर्भातलेच, बौद्ध. येता-जाता आमचा नमस्कार होत असे; त्यापलीकडे त्यांच्या घरचे पाणी मी कधी घेतले नव्हते आणि त्यांनीही कधी पुढे केले नव्हते. भाच्याने त्यांना फोन लावला. ते स्कूटरवरून आले. पायांशी हत्यारांची कापडी पिशवी होती. काय झाले ते त्यांनी उभ्याउभ्या ऐकून घेतले.

"दरवाजा उघडला का कोनी?"

"नाही काका."

"बेस केलं. कोनी उघडू नका, आपटू तर मुळीच नका. गुरुजी, तुमी तिकडून उतरा, डायवरच्या दारानं."

म्हणून वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी मी सोवळे सावरीत गिअरच्या दांड्यावरून पलीकडे सरकलो. कलश आणि नारळ भाच्याने धरले. धोतराचा काठ दांड्यात अडकला, तेव्हा तो म्हणाला, "गुरुजी, न्यूट्रल रहने दो, गाडी चालली जाईन." मिस्त्री हसले. मला हसू आले नाही.

मिस्त्रींनी बाहेरून दार इंच इंच उघडले, हेलकावा बसू नये म्हणून खालच्या फटीत गोणपाटाची घडी कोंबली, आणि मग दारासमोर उकिडवे बसून ते नुसते पाहत राहिले. मी घड्याळ पाहिले. पावणेअकरा.

"सुरू करा ना काका," भाचा म्हणाला.

"कावून घाई करून राहिला बे? लोखंड कुठं पळून नाही चाललं."

त्यांनी एक जुनी चिंधी घेतली, काचेच्या हँडलच्या मागे दोन्ही टोके धरून घातली आणि ती मागेपुढे घासू लागले, चपला पुसतात तशी. चौथ्या-पाचव्या घासणीला आतली तारेची कडी निसटून त्यांच्या ओंजळीत पडली आणि हँडल मोकळे झाले. इतकी वर्षे मी दारे उघडतो, लावतो. हँडलच्या पोटात अशी कडी असते हे मला ठाऊक नव्हते. मग हात टेकवायच्या पट्टीचे दोन स्क्रू. पहिला निघाला. दुसऱ्याची खाच झिजून गुळगुळीत झाली होती आणि मुळाशी गंज होता.

"यावर पेचकस ठेवून एक हातोडी मारली का निघते," ते म्हणाले. "पन मारता येत नाही."

"का?" मी विचारले.

"तुमची देवी आत कुठं टेकली हाय, हे मले माहीत नाही. ठोका बसला आन् सरकली, तर मंग कुठं जाईन?"

त्यांनी स्क्रूवर तेलाचे दोन थेंब सोडले आणि थांबले. रस्त्यावरून ट्रक जात होते, आणि प्रत्येक ट्रकबरोबर पिकअपचे दार किंचित थरथरत होते. मी मनात जप धरला, पण प्रत्येक थरथरीला संख्या चुकत होती. शेवटी मोजणे सोडून दिले. मिस्त्रींनी पेचकसाची मूठ छातीशी टेकवली आणि सगळा भार तिच्यावर टाकून मनगट इतके सावकाश वळवले की ते वळते आहे की नाही हे कळेना. त्यांच्या मानेची शीर फुगली. स्क्रू कुरकुरला आणि सुटला.

पुढचे काम त्याहून अवघड. आतले पॅनल दाराच्या पत्र्याला प्लास्टिकच्या खुंट्यांनी धरलेले असते. त्या ओढून काढाव्या लागतात आणि निघताना झटका देतात. मिस्त्रींनी पुट्टी भरण्याची पातळ पट्टी कापडात गुंडाळून पॅनलच्या मागे सरकवली. भाच्याला म्हणाले, "वरून दाबून धर. मी सोडवतो, तू झटका खाय."

टप्. मी डोळे मिटले. टप्. तिसऱ्या खुंटीला आतून काहीतरी सरकल्याचा आवाज आला, आणि तिघेही आपापल्या जागी थिजलो.

"तीच का?" भाच्याने दबक्या आवाजात विचारले.

"गोटाही असू शकते. तुझ्या गाडीत काय काय नाही बापा." असे म्हणाले खरे, पण पुढच्या खुंटीला हात लावण्याआधी त्यांनी कपाळाचा घाम बाहीने पुसला.

सर्व खुंट्या निघाल्यावर पॅनल वरच्या कडेने काचेच्या फटीत तेवढे अडकलेले राहिले. ते सरळ वर उचलायचे होते. तेवढ्यात मला मलमलीचा कोपरा दिसला. पॅनलच्या ओठात तो चिमटला होता.

"थांबा!" मी ओरडलो. "वस्त्र अडकले आहे. ओढले तर देवीही ओढली जाईल."

मिस्त्री वाकले, त्यांनी पाहिले, आणि खिशातून छोटी कात्री काढून माझ्यापुढे धरली. "देवाचं कापड हाय. तुमीच कापा."

मी कापले. कोपरा तिथेच राहिला. पॅनल वर उचलून त्यांनी बाजूला ठेवले. पत्र्यावर काळ्या चिकट गोंदाने डकवलेला प्लास्टिकचा कागद होता. तो त्यांनी अर्धा सोलून वर दुमडला. आत अंधार आणि ग्रीसचा वास. भाच्याने मोबाइलचा उजेड धरला. दोन लोखंडी भुजा एकमेकींवर कैचीसारख्या आडव्या होत्या, आणि जिथे त्या मिळतात त्या कोनात मलमलीचे बोचके लटकलेले होते. टाक उभा होता. त्याचा वरचा कोपरा दोन भुजांच्या मधे होता.

"काच अजून बोटभर खाली आली असती तर," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी पत्र्याच्या छिद्रात हात घातला. तो मनगटाच्या अलीकडेच थांबला. कारखान्यात कधीकाळी जॅक निसटून त्यांच्या बोटांची पेरे चेंदली होती. ती सुजल्यासारखी जाड राहिली आहेत. त्यांनी भाच्याच्या हाताकडे पाहिले. तोही लोखंड वाहणारा हात. मग माझ्याकडे.

"तुमचा जाईन गुरुजी. पन ग्रीस हाय, आन् पत्र्याच्या धारा हायत. तुमचं सोवळं..."

"सांगा काय करायचे ते," मी म्हणालो.

"मी काच दोन्ही हातानं वर तोलून धरतो. धरली का भुजा जराशा उघडतीन. तेवढ्यात काढायचं. वढायचं नाही, खाली सोडायचं. माझा हात सुटला तर तुमची बोटं जातीन, हे आधी सांगून ठेवतो."

रस्त्याच्या कडेला, डांबरावर, मी गुडघे टेकले. उपवस्त्र कमरेला खोचले आणि दाराच्या पोटात हात घातला. पत्रा मनगटाला लागला. नंतर पाहिले तर तिथून रक्त आले होते, तेव्हा कळले नाही. मिस्त्रींची छाती माझ्या खांद्याला लागून होती. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"लागली का?"

"वस्त्र लागले."

"त्याच्या खालून हात घ्या. तळवा वर. थंड लागते का?"

"हो. तीच."

"आता मी उचलतो. मी म्हणल्याबिगर हलू नका."

काच कुरकुरली. भुजा हलल्या. माझ्या अंगठ्याजवळून लोखंड सरकून गेले.

"सोडा खाली!"

मी टाक खाली सोडला, आणि तो माझ्या तळव्यावर आला. "आला," एवढेच म्हणता आले. हात बाहेर येईपर्यंत मिस्त्री काच धरून होते. त्यांचे दंड थरथरत होते.

वस्त्र उलगडले. मुख स्वच्छ होते. डोळे, मुकुट, दोन्ही हात जागच्या जागी. पण वरचा डावा कोपरा मागे दुमडला होता, आणि तिथून एक ओरखडा खाली उतरून देवीच्या खांद्यापाशी संपत होता. खांद्याला टेकून, की खांद्याच्या अलीकडे? मी चष्मा पुसून पाहिले, उन्हाकडे धरून पाहिले. एकदा वाटले टेकला आहे, एकदा वाटले नाही.

मिस्त्रींनी ग्रीसचा हात मागे ठेवून नुसतेच पाहिले. "कोपरा मी सरळ करून देतो. दोन लाकडाच्या पट्ट्या मधात धरून दाबायचा. घासायचं नाही म्हणजे चांदी जानार नाही. कोनाले समजनही नाही."

"करून घ्या गुरुजी," भाचा म्हणाला. "सव्वाअकरा होऊन गेले. मावशीले काय सांगायचं? जाम होता, खतम. बिचारी रोज पूजा तर करून राहिली. उगाच तिच्या मनाले घोर."

त्याचे म्हणणे मला नीच वाटले नाही. खरे तर ते माझ्या मनात त्याच्या आधी आले होते. कोपरा सरळ झाला असता. ओरखडा चिंच लावून घासला की मंद झाला असता. मूर्ती भंगली नाही, असे मी म्हणालो असतो, आणि त्या घरात माझा शब्द शेवटचा असतो. तीस वर्षांत बाईंनी मला एकदाही उलट विचारले नाही. एकादशी आज की उद्या, श्राद्धाला कोण बसेल, सुतकात दिवा लावावा का. मी सांगितले की संपले. नेमक्या त्याच कारणाने माझी जीभ अडखळली.

"नको," मी म्हणालो. "आहे तसाच राहू दे."

मिस्त्रींनी पाण्याची बाटली आणून माझ्या मनगटावर धार धरली, रक्त आणि ग्रीस धुतले, आणि वर चिंधी बांधताबांधता म्हणाले, "तुमी जा. पॅनल मागून लावू. गाडी दरवाजा उघडा ठेवून चालत नाही, पन पॅनलबिगर चालते."

रिसालीपर्यंत मी टाक दोन्ही हातांत छातीशी धरला. सोललेल्या दारातून वाऱ्याबरोबर धूळ येत होती.

बाई पायरीवरून उठल्या. उपवासाने आणि उन्हाने त्यांचा चेहरा उतरला होता. "लय उशीर झाला गुरुजी. जाम लय मोठा होता का?"

"जाम नव्हता," मी म्हणालो. "माझ्या हातून देवी गाडीच्या दारात पडली." आणि रबराच्या कडेपासून कात्रीच्या भुजांपर्यंत सगळे क्रमाने सांगितले. भाचा मान खाली घालून उभा होता. बाईंनी मधे एकदाही थांबवले नाही. शेवटी मी वस्त्र उघडून टाक त्यांच्यासमोर धरला.

त्यांनी तो घेतला नाही. माझ्याकडेच पाहत राहिल्या. "मंग भंगली का? चालते का घरात? सांगा ना."

"मी सांगू शकत नाही बाई. शास्त्र मला ठाऊक आहे. अंग भंगले तर मूर्ती जाते, कडेचा पत्रा वाकला तर जात नाही. पण ओरखडा अंगाला लागला की नाही, ते डोळ्यांनी ठरवायचे आहे. ज्याच्या हातून पडली त्याचे डोळे इथे चालत नाहीत. मला ती न भंगलेलीच दिसावी, असे मला वाटते. म्हणून मी सांगू नये. दुसऱ्या शास्त्रीबुवांना विचारा; मुहूर्त दुसरा काढू."

शेजारच्या घरातून कोणाच्या तरी कुकरची शिटी झाली. मग त्यांनी पदराने हात पुसले आणि टाक घेतला. चष्मा लावला नाही. रोज चिंच लावून ज्या अंगठ्याने देवी घासली, तो अंगठा त्यांनी मुखावरून फिरवला, दोन्ही हातांवरून, खांद्यावरून. ओरखड्यावर तो थांबला, मागे गेला, पुन्हा थांबला.

"लागला हाय," त्या म्हणाल्या. "खांद्याले जरासा."

मी हातातल्या रिकाम्या वस्त्राची घडी घालू लागलो.

"यायची दोन बोटं प्लांटात गेली होती," त्या म्हणाल्या. 'यायची' म्हणजे त्यांच्या यजमानांची. "मी नवी होती तवा. सासूनं घरात घेतलं ना त्याईले? इसर्जन तर नाही केलं." डोळ्यांना पाणी होते, पण आवाज कडक होता. "देवी माझ्या घरात येईन. तुमच्या पोथीत बसत नसन तर मंतर नका म्हनू. मी तशीच ठेवीन."

पोथीत बसत होते की नव्हते, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. जीर्णोद्धाराचे, संस्काराचे विधी आहेत. पण त्या क्षणी ते मी पुढे केले असते तर स्वतःला सोडवण्यासाठीच केले असते. मी एवढेच विचारले, "मंत्र म्हणायची आज्ञा आहे का?"

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिले. ग्रीसने माखलेले सोवळे, मनगटावर बांधलेली मिस्त्रींची चिंधी.

"म्हना," त्या म्हणाल्या. "पन मागून या. देवी मी नेतो."

आणि टाक कपाळाशी धरून त्या उंबरठा ओलांडून आत गेल्या.